फुप्फुसाचं माप वजनावर नसतं

मागच्या अंकात कमरेतून द्यायच्या भुलीबद्दल लिहिलं, तेव्हा वाटलं होतं पत्रं पाठदुखीची येतील. आली ती भलतीच. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द: व्हेंटिलेटर. मी नाशिकमध्ये पंचवीसहून अधिक वर्षं भूल देते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सकाळी गंगापूर रोड, दुपारी द्वारका, रात्री फोन आला तर नाशिक रोड, अशी डिकीत बॅग टाकून फिरणारी मी भूलतज्ज्ञ. पेशंटशी बोलायला फार तर दहा मिनिटं मिळतात. ती कसर इथे काढते.

प्रश्न : मॅडम, वडील ६८ वर्षांचे, उंची पाच फूट तीन इंच. मोठ्या आतड्यातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय. संमतीच्या कागदावर ‘कृत्रिम श्वास’ असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि अडून बसले. २०२१ मध्ये आमच्या गल्लीतले दोघं व्हेंटिलेटरवर गेले ते परत आलेच नाहीत. मशिनने फुप्फुस फाटतं असंही कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातलंय. त्यांना बिडी आहे, रोज एक बंडल. काय सांगू त्यांना?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : दादा, वडिलांची भीती खोटी नाही, पण ती दुसऱ्याच आजाराची आहे. कोविडमध्ये फुप्फुस आधीच सुजून, पाणी धरून जड झालेलं होतं आणि सगळे उपाय थकल्यावर मशिन लावलं जात होतं. ऑपरेशनच्या वेळी गोष्ट उलटी. फुप्फुस बऱ्यापैकी धड असतं, श्वास आम्हीच थांबवलेला असतो. पोट उघडायचं तर पोटाचे स्नायू सैल लागतात. त्यासाठी जे औषध देतो ते हात, पाय, पोट, छाती असा भेद करत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, म्हणजे श्वासपटल, तेही सैल पडतं. हृदय तेवढं आपलं काम करत राहतं. मग त्या तीन-चार तासांपुरता श्वास मशिनने द्यायचा. काम झालं की उताऱ्याचं औषध द्यायचं, पेशंट स्वतः श्वास घेऊ लागला, डोळे उघडून सांगितलेलं ऐकू लागला की नळी काढायची. बहुतेकांची नळी टेबलावरच निघते. घशात काय होतं हे त्यांना आठवतही नाही, फक्त दोन दिवस घसा खवखवतो.

हे यंत्र माणसं वाचवायलाच आलं, हेही वडिलांना सांगा. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमधली युक्ती वॉर्डात नेली: गळ्याला छिद्र, त्यात नळी आणि रबरी पिशवी हाताने दाबायची. मशिन पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. आज आमच्या मशिनच्या बाजूला जी पिशवी लोंबत असते ती त्याच घराण्यातली.

आता फाटण्याचं. मशिनने फुप्फुसाला इजा होऊ शकते का? होऊ शकते. उगाच धीर देण्यासाठी मी ‘नाही’ म्हणणार नाही.

तुम्ही ठिबकवाले, म्हणून तुमच्याच हिशोबात सांगते. ठिबकचा दाब साधारण एक किलोच्या आसपास धरता ना? एक किलो म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. फुप्फुसाचा दाब आम्ही सेंटिमीटरमध्ये मोजतो. धडधाकट माणसाला आत ढकललेल्या श्वासाचा दाब पंधरा-वीस सेंटिमीटर पाण्याएवढा असतो, आणि तीस ही आमची लाल रेघ. तुमच्या फिल्टरवरच्या गेजचा काटा त्यावर हलणारसुद्धा नाही.

पण नुसता दाब पाहून भागत नाही. सायकलची ट्यूब टायरच्या आत असताना केवढा दाब सोसते! तीच बाहेर काढून भरा, एका जागी गलगंडासारखी फुगते. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर नेमकं हेच पाहिलं. छाती-पोट आवळून बांधलेल्या उंदरांच्या फुप्फुसाने मोठा दाब सोसला. न बांधलेल्यांची फुप्फुसं तेवढ्याच दाबाला ताणली गेली आणि त्यांत पाणी भरलं. म्हणजे इजा करतो तो ताण. म्हणून आम्ही आधी श्वास मापतो, मग दाब बघतो. वडिलांची उंची १६० सेंटिमीटर. त्या हिशोबाने एका श्वासाला साधारण ४०० मिली. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी असते ना, तिच्याहूनही कमी.

दुसरी इजा कमी बोलली जाते, आणि मला विचाराल तर रोजच्या कामात तीच जास्त भेटते. भूल दिल्यावर काही मिनिटांतच फुप्फुसाचा पाठीकडचा, श्वासपटलाजवळचा भाग मिटतो. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात भुलीखालच्या माणसांचे सीटी स्कॅन काढले तेव्हा हे डोळ्यांना दिसलं. दहातल्या नऊ जणांना थोडंफार होतंच. ओली प्लास्टिकची पिशवी आठवा. दोन्ही बाजू चिकटल्या की सोडवताना बोटाने ओढावी लागते. मिनिटाला बारा-चौदा वेळा वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, असे चिकटत आणि सुटत राहिले, तर चार तासांत त्यांच्या भिंती सोलवटतात. म्हणून श्वास सोडून झाल्यावरही आम्ही आत थोडा दाब शिल्लक ठेवतो, साधारण पाच सेंटिमीटर. त्याला आम्ही पीप म्हणतो. पिशवीचं तोंड पुरतं मिटू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

आणि हो, ‘मॅडम, ऑक्सिजन फुल ठेवा हं’ असं नातेवाईक ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी सांगतात. झोपवताना आणि उठवताना आम्ही तो भरपूर देतोच. पण मधले तास शंभर टक्के दिला, तर वायुकोशातला सगळा ऑक्सिजन रक्त शोषून घेतं आणि वायुकोश रिकामा होऊन मिटतो. नेहमीच्या हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा जात नाही, तो मांडवाच्या मेढीसारखा आत उभा राहतो. म्हणून मधल्या वेळात ऑक्सिजन कमी करणं ही आमची कंजुषी नाही.

बिडीचं मात्र स्पष्ट सांगते. आज बंद. बिडीतला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, तो एका दिवसात बराच उतरतो. फुप्फुसातला चिकटा सुधारायला चार आठवडे तरी लागतात. चार आठवडे हाताशी नसतील तर गाठीचं ऑपरेशन बिडीपायी पुढे ढकलू नका. ‘ऐनवेळी सोडली तर कफ वाढून जास्त त्रास होतो’ असं जुने लोक, आणि काही जुने डॉक्टरही, सांगतात. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्याला पुरावा सापडला नाही. त्या बोलण्याने कितीतरी बंडलं वाचवली आहेत, माणूस मात्र एकही नाही.

थंडीचे दिवस आहेत. निफाडचा पारा केवढा उतरतो ते तुम्ही मला सांगायला नको. वडिलांना ताप, पिवळा कफ, छातीत घरघर असं काही झालं तर ऑपरेशनच्या दिवशी लपवू नका. गेल्या महिन्याभरात छातीचा संसर्ग झालेला असणं, हा नंतरच्या न्यूमोनियाचा एक मोठा इशारा असतो.

प्रश्न : वय ४६, उंची १५० सेंटिमीटर, वजन ९२ किलो. पित्ताशयात खडे आहेत, दुर्बिणीतून काढणार आहेत. जाऊबाई म्हणतात, जाड माणसाला भूल डबल लागते आणि मशिनची हवाही डबल. मला आधीच लाज वाटते वजनाची. खरंच तसं असतं का?
— शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : ताई, लाज राहू द्या बाजूला. जाऊबाईंचं चुकलं आहे, पण ही चूक आम्ही डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं केली, तेव्हा त्यांना काही बोलू नका.

वजन वाढतं म्हणून फुप्फुस वाढत नाही. विशीत ते जेवढं होतं तेवढंच चाळिशीत असतं, भोवती चरबी जमते इतकंच. फुप्फुसाचं माप ठरतं उंचीवर. बाईसाठी आमचा हिशोब असा: उंचीच्या सेंटिमीटरमधून १५२.४ वजा करायचे, उरलेल्याला ०.९१ ने गुणायचं आणि त्यात ४५.५ मिळवायचे. पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. तुमचा आकडा येतो ४३ किलो. याच्या दर किलोला ६ ते ८ मिली, म्हणजे तुमचा एक श्वास ३०० मिलीच्या आसपास. काट्यावरच्या ९२ किलोला जुन्या पद्धतीने दहाने गुणलं असतं तर ९२० मिली. तिप्पट!

जुनी पद्धत आली कुठून? त्यामागेही चांगलाच हेतू होता. १९६३ मध्ये अमेरिकेत दिसलं, की भुलीखाली लहान-लहान श्वास दिलेल्या पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन हळूहळू उतरतो, आणि मध्येच मोठे श्वास दिले की सावरतो. निरीक्षण अगदी बरोबर. फुप्फुस मिटत होतं, ते उघडत होतं. त्यातून आमच्या पेशाने धडा घेतला तो असा, की मग सगळेच श्वास मोठे द्या. किलोला १०, १२, कधी १५ मिलीसुद्धा. १९९० च्या दशकात मी शिकले ती याच आकड्यांवर. फुप्फुस मोठे श्वास घेतंय, छाती छान वर येतेय, स्क्रीनवर ऑक्सिजन ९९. बघायला किती बरं वाटायचं! २००० साली अमेरिकेतल्या ८६१ अत्यवस्थ पेशंटांचा अभ्यास आला. १२ मिली दिलेल्यांत शंभरातले ४० दगावले, ६ मिली दिलेल्यांत ३१. ती आजारी फुप्फुसं होती, ओटीतली नव्हेत, पण आम्ही सगळे आपापल्या मशिनच्या आकड्याकडे वळून बघू लागलो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. त्याच सुमाराची. रात्री दोन वाजता एका छोट्या हॉस्पिटलातून फोन आला. आतड्याला पीळ पडलेली बाई, तुमच्यासारखीच ठेंगणी आणि वजनदार. केसपेपरवर वजन होतं, उंची नव्हती. आजही बऱ्याच केसपेपरवर नसते. मी वजन पाहून ६५० मिली लावले. मशिन दाबाचा अलार्म देत होतं. मी मनाशी म्हटलं, पोट फुगलंय, सर्जन वरून रेटतोय, म्हणून देतंय. आणि अलार्मची मर्यादा वर सरकवली. तिसऱ्या दिवशी त्या बाईला ताप, धाप, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला. माझ्याच श्वासांनी झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. आतड्याचं तातडीचं ऑपरेशन हेच मोठं कारण असू शकतं. आठवड्याने ती चालत घरी गेली. पण तो अलार्म मी का गप्प केला, हे अजून माझ्याजवळ आहे.

दुसऱ्याच दिवशी मेन रोडवरून शिंप्याची टेप घेतली. ती आजतागायत बॅगेत आहे, तिसरी असेल आता. वॉर्डात पेशंटला सरळ झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत मापते. एका आजीने विचारलं होतं, ‘‘डॉक्टरीणबाई, पोलकं शिवताय का?’’

तुमच्या वजनाचा परिणाम मात्र दुसरीकडे होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. आडवं झोपलं की पोट श्वासपटलाला वर ढकलतं. त्यात दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. फुप्फुसाचा तळ लवकर मिटतो. म्हणून तुम्हाला झोपवताना डोकं-खांदे उंच करून, उशांचा उतार करून आधी तीन-चार मिनिटं मास्कने ऑक्सिजन देतील. मास्क बघून घाबरू नका, शांत मोठे श्वास घ्या. तो साठा तुमचाच आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनला डोक्याकडची बाजू वर ठेवतात, हे तुमच्या फुप्फुसाचं नशीब. गर्भाशयाच्या दुर्बिणीला उलटं, डोकं खाली करावं लागतं, तिथे आम्हाला जास्त झगडावं लागतं.

एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. घोरता का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठता का? स्वतःला कळत नाही, यजमानांना विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ते भूलतज्ज्ञाला आधी कळलं पाहिजे, कारण धोका मशिन लावलेलं असताना नसतो, काढल्यानंतरच्या पहिल्या रात्री असतो. झोपेत लावायचं सीपॅप मशिन घरी असेल तर ते बॅगेत भरून न्या.

प्रश्न : आईची पिशवी काढायची आहे, वय ६१. फॉर्मवर ‘धूम्रपान’समोर आम्ही ‘नाही’ लिहिलं, ते खरंच आहे. पण आईने तीस वर्षं विड्या वळल्या आणि स्वयंपाक चुलीवर केला. जिना चढली की थांबते. हे सांगायची गरज असते का?
— सिन्नरची वाचक

उत्तर : गरज? हे पहिलं वाक्य असायला हवं होतं! तुमच्या आईसारख्या बायका मी सिन्नरहून येताना कितीतरी पाहिल्या आहेत. ओढली एकही नाही, पण तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर मिळून फुप्फुस बिडी ओढणाऱ्यासारखंच होतं. फॉर्म विचारतो तेवढंच आपण सांगतो, आणि फॉर्म पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो.

फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. बसल्या जागी बोटाला लावून ऑक्सिजन किती ते बघा. ९५ किंवा त्याखाली असेल तर आवर्जून सांगा. हिमोग्लोबिन दहा किंवा त्याखाली असेल तर ते आधी वाढवण्याबद्दल विचारा, ऑक्सिजन वाहून नेणारे टेम्पोच कमी असतील तर फुप्फुसाने काय करायचं? तोंडाने ओढायचा श्वासाचा पंप चालू असेल तर ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घ्यायचा. कमरेतल्या भुलीवर भागतं का, तेही विचारा. बऱ्याचदा भागतं, मग नळीच नको.

आणि नळी घालावीच लागली, तर अशा फुप्फुसाची अडचण निराळी. त्यात हवा पटकन जाते, बाहेर यायला वेळ लागतो. पहिला श्वास पूर्ण निघायच्या आत दुसरा ढकलला तर आत साचत जातो, छाती फुगते, रक्तदाब उतरतो. अशा पेशंटला मी मिनिटाला दहा-बाराच श्वास देते आणि उच्छ्वासाला ऐसपैस वेळ ठेवते. लोकलमध्ये उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावं, तसं.

प्रश्न : मी ओटी टेक्निशियन आहे, सातपूरच्या बाजूला काम करतो. एक डॉक्टर पीप शून्य ठेवतात, दुसरे पाच, तिसरे दहा. पीपने फुप्फुस उघडं राहतं तर मग बारा-पंधराच का नको? मशिन सेट करायला मला सांगतात म्हणून विचारतो.
— वाचक, सातपूर

उत्तर : भाऊ, तुमच्या या प्रश्नावर युरोपातल्या लोकांनी मोठमोठे अभ्यास केले आहेत, तेव्हा प्रश्न बावळट नाही.

२०१३ मध्ये फ्रान्समध्ये पोटाच्या ऑपरेशनचे ४०० पेशंट घेतले. निम्म्यांना जुनी रीत: किलोला १० ते १२ मिली, पीप शून्य. निम्म्यांना ६ ते ८ मिली, पीप ६ ते ८, आणि दर अर्ध्या तासाने फुप्फुस हलकेच फुगवून उघडायचं. मोठी गुंतागुंत पहिल्या गटात २७.५ टक्के, दुसऱ्यात १०.५. आम्हा सगळ्यांना वाटलं, सापडलं! मग २०१४ मध्ये ९०० पेशंट घेऊन नुसता पीपच तपासला. सगळ्यांना लहान श्वास. एका गटाला पीप १२, दुसऱ्याला २ किंवा त्याहून कमी. फुप्फुसाचे त्रास सारखेच. उलट बाराच्या गटात रक्तदाब जास्त पडला. साहजिक आहे. छातीत दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. पुढे २०१९ मध्ये जवळपास दोन हजार लठ्ठ पेशंटांत १२ आणि ४ असा मुकाबला झाला, तिथेही ठळक फरक नाही. २०२० मध्ये मेलबर्नला पीप दोघांनाही ५ ठेवून ६ आणि १० मिलीची तुलना केली, निकाल बरोबरीत.

आता यातून ‘मग काहीही ठेवा’ असा अर्थ काढणारे आहेत. मी काढत नाही. मला दिसतं ते असं: मोठा श्वास आणि पीप शून्य, ही जोडी वाईट. दोन्हींतलं एक सुधारलं की बराचसा फायदा मिळतो, आणि पीप वाढवत नेऊन जास्तीचं काही हाती लागत नाही. म्हणून माझी सुरुवात ७ मिली आणि पीप ५. शून्य मी ठेवत नाही, बारा सवयीने ठेवत नाही.

पाचवरून पुढे जायचं की नाही, हे मशिनला विचारायचं. श्वास भरून क्षणभर थांबवल्यावरचा दाब वाचा, त्यातून पीप वजा करा. समजा १८ आणि पीप ५, उरले १३. हा आकडा, ड्रायव्हिंग प्रेशर, जितका लहान तितकं फुप्फुस खूश. पीप ५ वरून ८ केला आणि आकडा १३ चा ११ झाला, तर मिटलेला भाग उघडला, राहू द्या. १३ चा १५ झाला तर तुम्ही उघडं असलेलंच ताणताय, मुकाट्याने मागे या. पंधराच्या पुढे गेला तर डॉक्टरांना सांगा. आधी नळी एका बाजूला सरकलीय का, कुठे मुडपलीय का, कफ अडकलाय का, पेशंट सैल आहे का, हे बघायचं. अलार्मची मर्यादा वाढवणं सगळ्यात शेवटी. वर माझी गोष्ट वाचलीच असेल.

एक तुमच्या हातातलं काम. शेवटी नळी काढायच्या आधी घाईत लांबलचक सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढणं, करू नका. तीन तास जपून उघडी ठेवलेली फुप्फुसं दहा सेकंदांत चिपाडासारखी ओढून घेता तुम्ही. आणि उताऱ्याचं औषध दिल्यावर नसेला चार बारीक झटके देणारं यंत्र असेल तर ते लावायची आठवण करा. मनगटाला करंगळीकडे लावायचं, अंगठ्याची चौथी उडी पहिलीच्या नव्वद टक्के आली पाहिजे. नुसतं ‘डोकं उचला’ म्हणून पेशंटने उचललं, यावर मी पूर्वी नळी काढत असे. अर्धवट सैल असलेला माणूसही पाच सेकंद डोकं उचलतो, आणि नंतर वॉर्डात त्याला खोकता येत नाही.

प्रश्न : ऑपरेशननंतर तीन बॉलचं यंत्र दिलं. कितीही जोरात फुंकलं तरी एकही बॉल वर जात नाही. माझं फुप्फुस खराब झालं का?
— वाचक, इंदिरानगर

उत्तर : फुंकायचं नाही हो, ओढायचं! दर दोन पेशंटांमागे एक जण फुंकतो. ताठ बसा, श्वास सोडा, नळी ओठात घट्ट धरून सावकाश आत ओढा आणि बॉल वर असताना तीन सेकंद थांबा. जागं असताना तासाला दहा वेळा. पहिला बॉल सेकंदाला ६०० मिलीच्या वेगाने वर जातो, दुसरा ९००, तिसरा १२००. तिन्ही उडवायची शर्यत नाही. एकच बॉल पण जास्त वेळ, हे चांगलं. नातवंडांना मात्र देऊ नका, ते तिन्ही उडवून दाखवतात आणि तुमचा धीर खचतो.

तसं खरं सांगायचं तर नुसत्या यंत्राने फार फरक पडतो असा पुरावा कच्चा आहे. फरक पडतो तो शिकवण्याने, आणि तेही ऑपरेशनच्या आधी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ४४१ पेशंटांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास बसून शिकवलं: मोठे श्वास कसे घ्यायचे, का घ्यायचे, शुद्धीवर आल्याबरोबर सुरू करायचे. फुप्फुसाचे त्रास शंभरात २७ वरून १२ वर आले. ना औषध, ना मशिन. आपल्याकडे हा अर्धा तास कोणी देत नाही, आणि मीही देत नव्हते.

टाक्यांवर उशी दाबून धरा आणि खोका. दुखतं म्हणून न खोकणाऱ्यांनाच कफ साठतो. दुखणं सोसत पडून राहू नका, वेदनाशामक मागून घ्या, घेतल्यावर अर्ध्या तासाने उठून चाला.

प्रश्न : सकाळी अकराचं ऑपरेशन आहे. सहाला चहा-बिस्कीट चालेल ना? तेवढ्याने काय होतं?
— वाचक, पंचवटी

उत्तर : चालणार नाही. दुधाचा चहा आणि बिस्कीट म्हणजे अन्न. सहा तास हवेत, तुमचे पाचच भरतात. तळलेलं-तेलकट असेल तर आठ. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत प्या, उगाच घसा कोरडा करून येऊ नका. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. मधुमेह असेल किंवा वजन कमी करायचं इंजेक्शन चालू असेल तर आधीच विचारा, त्यांचं पोट उशिरा रिकामं होतं.

भूल चढताना घशाची राखण थांबते. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं, आणि आम्लाने भाजलेल्या फुप्फुसापुढे वरचे सगळे मिलीचे हिशोब थिटे पडतात. हर्नियाचा एक तरुण माझ्याशी शपथेवर खोटं बोलला होता. मी स्टेथोस्कोप लावायला वाकले आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर तर्रीचा ताजा डाग. ‘‘मॅडम, मिसळ खाल्ली, पण पाव नाही खाल्ला,’’ म्हणाला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं.